खुशाली: बगदादच्या एका मुलीची वाट पाहताना

५ ऑगस्ट २००६ रोजी बगदादमधून एक लेख आला. लिहिणारी मुलगी 'रिव्हरबेंड' या टोपणनावानं तीन वर्षं इंटरनेटवर ब्लॉग लिहीत होती. हा उन्हाळा नुसता निरोप घेण्यात चालला आहे, असं तिनं लिहिलं होतं. लोकांच्या घरी लिफाफे येत होते. आत कलाश्निकोव्हची एक गोळी आणि एक चिठ्ठी: हा भाग सोडा, नाहीतर बघा. ती स्वतः एरवी डोकं झाकत नसे, पण जूनपासून हिजाबशिवाय घराबाहेर पडायची सोय उरली नव्हती. महिन्याभरात किती जणांना निरोप दिला याची मोजदाद तिला राहिली नव्हती. त्यानंतर ७४ दिवस तिच्याकडून एक अक्षर आलं नाही.

ते ७४ दिवस मी पुण्यात बसून मोजले. जिला कधी पाहिलं नाही, जिचं खरं नाव ठाऊक नाही, तिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. तिचं लिखाण वाचणाऱ्या कितीतरी जणांचं तेच झालं असणार. हे प्रकरण मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडायचं आहे: तिच्यावर काय गुदरलं, दुरून काळजी करणाऱ्या आम्ही काय केलं, आणि त्यातलं काय तिच्या जिवावर बेतू शकलं असतं.

ती

१७ ऑगस्ट २००३ ला तिनं ब्लॉग लिहायला सुरुवात केली. अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरून चार महिने झाले होते. ब्लॉगचं नाव 'बगदाद बर्निंग'. स्वतःबद्दल तिनं मोजकंच सांगितलं: बाई आहे, इराकी आहे, चोवीस वर्षांची आहे, युद्धातून वाचले आहे. एवढं कळलं की पुरे. इंग्रजी इतकं चांगलं कसं, असं लोक विचारायला लागले तेव्हा आठवड्याभरात खुलासाही केला: जन्म इराकचा, लहानपणीची काही वर्षं परदेशात गेली, किशोरवयात परत आले. घरात आई, वडील आणि एक भाऊ. भावाचा उल्लेख 'ई.' या एका अक्षरानं. नातेवाइकांत सुन्नीही होते आणि शियाही.

युद्धाआधी ती कॉम्प्युटर प्रोग्रामर होती. युद्ध थांबल्यावर ती भावाला आणि एका नातेवाइकाला सोबत घेऊन आपल्या जुन्या ऑफिसात गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की बायकांना आता इथे जागा नाही, त्यांचं रक्षण कोण करणार? तो प्रसंग मी ज्या दिवशी वाचला त्या दिवशीपासून मी तिची झाले. मीही प्रोग्रामर, तिच्याहून एका वर्षानं मोठी. दुपारी डबा खाताना माझ्या टेबलावर तिचा लेख उघडलेला असायचा. माझी कामावर जायची पीएमटी चुकली तर माझा दिवस खराब जायचा. तिला कामावर जायला दोन पुरुष सोबत लागत होते, आणि तरीही काम मिळालं नव्हतं.

तिला लिहितं केलं सलाम पॅक्स या दुसऱ्या बगदादी ब्लॉगरनं. त्याच्याबाबतीतही वाचकांनी असाच जीव मुठीत धरला होता. मार्च २००३ मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर काही दिवसांनी त्याचं लिखाण बंद पडलं आणि मे महिन्यात तो परत आला. मधल्या काळात त्यानं रोजची टिपणं काढून ठेवली होती, नेट आल्यावर ती एकदम प्रसिद्ध केली. दुरून जे मौन दिसत होतं त्या काळात तो लिहीतच होता, फक्त ते आमच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. पुढे तीन वर्षांनी हे मला आठवायला हवं होतं. तेव्हा आठवलं नाही.

नकाशा

२२ फेब्रुवारी २००६ ला समाराच्या अल-अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट सुरुंगानं उडवला. शियांचं ते अतिशय पवित्र स्थान. त्या दिवसानंतर इराकमधला संघर्ष परक्या फौजेविरुद्धचा तेवढा राहिला नाही, शेजारी शेजाऱ्यावर उठला. बगदादमध्ये मिश्र वस्त्या होत्या, लग्नंही दोन्ही पंथांत होत होती. आता रस्त्यारस्त्यावर सशस्त्र टोळ्यांचे नाके उभे राहिले आणि ओळखपत्र तपासलं जाऊ लागलं. उमर हे नाव सुन्नी, म्हणून उमर नावाची मुलं केवळ नावापायी मारली गेली. लोक दोन-दोन ओळखपत्रं बाळगू लागले, एक या बाजूच्या नाक्यासाठी, एक त्या बाजूच्या.

अशा शहरात ती राहत होती, आणि कुठल्या भागात ते तिनं कधीच सांगितलं नाही. याचा परिणाम दुरून वाचणाऱ्यावर विचित्र होतो. बगदादमध्ये कुठेही स्फोट झाला की तो तिच्याच गल्लीत झाला असं वाटतं. दोरा, कर्रादा, मन्सूर, अधमिया, काधिमिया ही नावं मला कोथरूड-कर्वेनगरइतकी पाठ झाली. आई म्हणायची तसं, मन चिंती ते वैरी न चिंती.

म्हणून मी बगदादचा नकाशा छापून घेतला. तैग्रिस नदी शहरातून वळणं घेत जाते, ती निळ्या पेन्सिलीनं रंगवली. मग तिच्या जुन्या लेखांतून खुणा वेचायला लागले. अमुक लेखात गच्चीवरून धूर दिसल्याचं लिहिलंय. अमक्या दिवशी हेलिकॉप्टरं डोक्यावरून गेली. पाणी आलं नाही, पण पलीकडच्या भागात आलं. बाजारात जायला इतका वेळ लागला. एकेक खूण नकाशावर बारीक टिंब देऊन नोंदवत गेले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत माझी टिंबं दोन-तीन वस्त्यांत गोळा झाली होती. फार जवळ आलोय, असं मला वाटत होतं.

जवळ आल्यावर करणार काय होते? त्या भागात स्फोट झाला नसेल त्या दिवशी मला शांत झोप लागली असती. त्याहून जास्त काही नाही.

एका संध्याकाळी तो नकाशा टेबलावर पसरलेला असताना माझ्या लक्षात आलं की मी पुण्यात बसून, तिच्या रस्त्यावर एकदाही न जाता, निव्वळ लेखांवरून तिच्या घराच्या इतकी जवळ येऊ शकले. तिच्याच वस्तीत नाक्यावर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला किती वेळ लागेल? त्याला गच्च्या माहीत, पाण्याच्या वेळा माहीत, कुठल्या घरात इंग्रजी शिकलेली मुलगी आहे तेही माहीत. त्याला फक्त कुणीतरी जोडकाम करून द्यायचं होतं. मी तेच करत होते, आणि त्यातलं थोडं चार मैत्रिणींना मेलवर कळवूनही मोकळी झाले होते. तो नकाशा मी गॅसवर धरला. मैत्रिणींना फोन करून त्या मेल काढून टाकायला सांगितल्या. एकीनं विचारलं, "एवढं काय झालं?" मी म्हटलं, काही झालं नाहीये, पण होऊ शकतं.

या प्रकरणात माझ्याकडून घडलेली सगळ्यात मोठी चूक हीच. ती घडली तेव्हा मी तिची काळजीच करत होते.

तू तिची कोण?

तिच्या पत्त्यावर मी मेल पाठवायचे. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या त्या मेल आज वाचवत नाहीत. 'तू ठीक आहेस ना?' 'फक्त एक ओळ लिही.' 'तुम्ही बाहेर का पडत नाही?' 'जॉर्डनला जाता येणार नाही का?' पाच-सहा ओळींत सात-आठ प्रश्न. शेवटच्या प्रश्नांचं मला आज सगळ्यात वाईट वाटतं. घर, म्हातारी माणसं, शाळेतली मुलं, पासपोर्ट, पैसा, सीमेवरचे अधिकारी हे सगळं ज्यांच्यासमोर होतं त्यांना मी इथून विचारत होते की तुम्ही निघत का नाही.

आई चिपळूणला. दर रविवारी फोन व्हायचा आणि ती न चुकता विचारायची, "तुझ्या बगदादच्या पोरीचं काही कळलं का गं?"

आईला बगदाद नवं नव्हतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा माझा धाकटा मामा तिथे होता. फोन बंद, पत्रं बंद. आजी जेवायची थांबली. आमच्या गल्लीत फोन एकाच दुकानात, आई रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर जाऊन बसायची. दुकानदार काका काही बोलायचे नाहीत, फक्त रिसीव्हरवरची धूळ पुसायचे. तेव्हा कुवेतमधले भारतीय बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनची राजधानी अम्मान गाठत होते आणि तिथून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईत आणत होती. ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या, एक लाख सत्तर हजारांहून जास्त माणसं. मामा त्यातलाच एक. सप्टेंबरच्या शेवटी रात्रीच्या एसटीनं चिपळूणला उतरला तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती आणि दाढी वाढलेली होती. बगदादमध्ये बस थांबली तेव्हा एका बाईनं सगळ्यांच्या बाटल्या आपल्या घरच्या नळावर भरून आणून दिल्या, हे तो पुढे पंचवीस वेळा सांगायचा. आईच्या लेखी बगदाद म्हणजे ती बाई.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी आईला माझ्या मेलबद्दल सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मामाला आम्ही शोधत होतो कारण आम्ही त्याची माणसं होतो. सरकारकडं जाऊन विचारायचा आम्हाला हक्क होता. याद्या लागायच्या, त्यात नाव बघायचो. तू तिची कोण?"

मला राग आला. मग ती म्हणाली, "काळजी कर ना, कोण नको म्हणतंय? पण तिच्याकडं मागू नकोस. तिच्या घरात आधीच पाच माणसं एकमेकांना विचारत असतील, ठीक आहेस ना, ठीक आहेस ना. त्यात तू सहावी कशाला?"

जुन्या मराठी पत्रांत एक ठरलेलं वाक्य असतं: येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. शाळेत असताना ते मला नुसतं पत्राचं तोंड वाटायचं. त्या रात्री त्यातला क्रम माझ्या ध्यानात आला. आधी आपलं कुशल सांगायचं, मग समोरच्याचं. आणि 'लिहीत जावे' म्हणजे जमेल तेव्हा, सवडीनं. मी नेमकं उलट करत होते. माझ्या घरचं काहीही न सांगता तिच्या घरचा हिशेब मागत होते.

त्यानंतर मी तिला मेल लिहिल्या त्या वेगळ्या होत्या. पुण्यात पाऊस लांबला. शेजारच्यांची मांजर आमच्या कपड्यांच्या कपाटात व्याली. ऑफिसात प्रोग्राम चालत नव्हता, रात्री अकराला कळलं की एक स्वल्पविराम जास्त होता. शेवटी एकच ओळ: उत्तराची गरज नाही. प्रश्नचिन्ह एकही टाकायचं नाही, असं मी ठरवलं. सवय नसल्यामुळे पहिल्या दोन मेलमध्ये ते निसटून आलंच, पाठवण्याआधी खोडलं.

७४ दिवसांत काय चाललं होतं

१८ ऑक्टोबर २००६ ला ती परतली. त्या महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इराकमधल्या मृत्यूंचा अभ्यास आला होता. युद्ध झालं नसतं तर झाले नसते असे सुमारे साडेसहा लाख मृत्यू, असा त्यातला अंदाज. त्यावर जगभर वाद माजला आणि आकडा फुगवलेला आहे असं मोठमोठे लोक सांगू लागले. ती लिहायला बसली ती त्यावर. आकडा ऐकून इराकमध्ये राहणाऱ्यांना धक्का बसला नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आणि इतके दिवस न लिहिण्याचं कारण तिनं सांगितलं. लिहावंसं वाटलं की शब्दांत मांडता येणार नाही अशी हताशा दाटून यायची.

मी ते वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. मी तिला स्फोटात मरताना पाहिलं होतं, अपहरण होताना पाहिलं होतं, नाक्यावर अडवलेलं पाहिलं होतं. घरात बसून, हात-पाय धड असूनही तिला शब्द सुचत नसतील, हे माझ्या मनातल्या यादीत कुठेच नव्हतं. दुरून काळजी करणारा माणूस मोठ्या संकटाकडे पाहतो. बगदादमधल्या घरात मात्र दिवसातून मोजके तास वीज होती, गल्लीच्या जनरेटरला इंधन मिळेल की नाही याची धास्ती होती, फोन लागला तर नेट, नाहीतर नाही. आणि या सगळ्यातून संगणकासमोर पोहोचल्यावर परदेशातल्या तज्ज्ञांचे लेख वाचून मन विटणं होतं. तिच्या मौनाची कारणं बहुतेक अशी रोजची होती. मौनाचा अर्थ मृत्यू असाच लावायचा ही सवय आम्हा वाचकांची.

डिसेंबरच्या शेवटी सद्दामला फाशी झाली, त्यावर तिनं लिहिलं. फेब्रुवारी २००७ मध्ये लिहिलं. मार्चमध्ये मुतनब्बी रस्त्यावर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात बॉम्ब फुटला. पुस्तकं घेणारी मुलगी ती, त्या दिवशी कुठे असेल, हा विचार आलाच. पण या वेळी मी तिला काही विचारलं नाही.

सुटकेस

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकी फौजेनं अधमियाभोवती भिंत बांधायला घेतली. काँक्रीटची, साडेतीन मीटरहून उंच, सुमारे पाच किलोमीटर लांब. सुन्नी वस्ती तेवढी वेगळी करायची, म्हणजे मारामाऱ्या थांबतील, असा हिशेब. २६ एप्रिलला तिनं त्या भिंतीवर लिहिलं आणि त्याच लेखात सांगितलं की आमच्या घरानं इराक सोडायचं ठरवलंय. जास्त भीती कशाची वाटावी हेच तिला ठरवता येत नव्हतं: कारबॉम्ब आणि टोळ्यांची, की सगळं मागे टाकून कुठल्याशा अनोळखी जागी जाण्याची.

त्यानंतर १३३ दिवस शांतता.

६ सप्टेंबरला लेख आला तो सीमेपलीकडून, सीरियातून. तो लेख मी इतक्यांदा वाचलाय की त्यातल्या वस्तू मला घरातल्यासारख्या ओळखीच्या झाल्यात. प्रत्येकाला एकच सुटकेस, असा वडिलांचा हुकूम. तिची सुटकेस जवळजवळ सहा आठवडे खोलीत भरून पडली होती. ती इतकी गच्च की चेन लावायला ती, ई. आणि शेजारचं सहा वर्षांचं पोर असे तिघं लागले. तीस वर्षांच्या संसारातून काय घ्यायचं ते ठरवणं, मग ते बाहेर काढणं, पुन्हा भरणं. निघायच्या दिवशी ती घरभर फिरली. शाळा-कॉलेजचा अभ्यास ज्यावर केला त्या टेबलावरून हात फिरवला. लहानपणी तिनं आणि भावानं मोडलेल्या खुर्चीचा निरोप घेतला. भिंतीवरचे फोटो आधीच उतरवले होते, त्यांच्या रिकाम्या जागांचा निरोप घेतला. पैसे कमी पडलेला एक मोनोपोलीचा डाव होता, फेकवत नाही आणि नेता येत नाही असा, त्याचाही.

माझी आई लग्न होऊन चिपळूणला आली तेव्हा तिच्याकडं एक पत्र्याची पेटी होती. हा भाग मी तिला फोनवर मराठीत करून वाचून दाखवला. ती बोलली नाही. मोडक्या खुर्चीपाशी तिनं एकदम विचारलं, "किल्ल्या कुणाकडं दिल्या?"

२२ ऑक्टोबर २००७ चा लेख हा बगदाद सोडल्यानंतरच्या दिवसांचा. सीरियानं त्याच महिन्यापासून इराकींना व्हिसा सक्तीचा केला होता. इराकमधून आलेले बारा लाखांहून जास्त लोक तेव्हा सीरियात होते, असा सरकारी आणि संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. कागद नीट करायला तिच्या घरच्यांना उत्तरेला सीमेपर्यंत जाऊन बाहेर पडून परत आत यावं लागलं. परत येताना, सीरियातल्या कामिश्ली शहराकडे जाणाऱ्या टॅक्सीपाशी पोहोचेपर्यंत, आपण निर्वासित आहोत हे तिनं मनाशी कबूल केलं होतं. बातम्यांत, आकड्यांत ज्यांच्याबद्दल रोज वाचत होती ते लोक म्हणजे आता ती स्वतः.

त्या लेखात एक प्रसंग आहे. नव्या इमारतीत राहायला आल्यावर दारावर थाप पडते. बाहेर पुढचे दात पडलेला एक लहान मुलगा, हातात केकची बशी. आम्ही समोरच राहतो, आई म्हणते काही लागलं तर सांगा, हा आमचा नंबर, वरच्यांचा हा नंबर, आम्ही सगळे इराकीच आहोत, या इमारतीत तुमचं स्वागत. इमारतीत ख्रिस्ती होते, कुर्द होते. त्या रात्री ती रडली. २००३ मध्ये हिरावून घेतलेली एकी तिला परदेशात, एका जिन्यावर परत भेटली होती.

त्याच वर्षी, २००७ च्या आर्थिक वर्षात, अमेरिकेनं जेमतेम १,६०८ इराकी निर्वासितांना आपल्या देशात घेतलं. स्वीडनमधल्या सोदरतालिए या ऐंशी हजार वस्तीच्या गावाचा महापौर पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला जाऊन सांगून आला की अमेरिका आणि कॅनडा मिळून जितके इराकी घेतात त्याहून जास्त एकट्या आमच्या गावानं घेतलेत. मला वाटतं, दुरून काळजी वाटणाऱ्यांनी आपला जीव इथे लावायला हवा होता. ज्या देशांनी युद्ध केलं त्या देशांतल्या वाचकांनी तर नक्कीच. तिला 'निघ, निघ' म्हणणाऱ्यांतले कितीजण आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारत होते की निघालेल्यांना दार कुठे उघडं आहे? मीही तिला जॉर्डनचं सुचवलं होतं. जॉर्डन तेव्हा सीमेवरून इराकी माणसांना परत पाठवत होतं, हे मी त्या आधी वाचलंसुद्धा नव्हतं.

खोटी मुलगी

२२ ऑक्टोबर २००७ नंतर ती पुन्हा गप्प झाली. मार्च २०११ मध्ये सीरियात आंदोलन सुरू झालं आणि बघता बघता तोही देश यादवीत बुडाला. आता ती दुसऱ्यांदा युद्धात सापडली की काय, हा घोर लागला.

त्याच जूनमध्ये दमास्कसच्या अमिना नावाच्या मुलीची बातमी जगभर झाली. ती तिच्या ब्लॉगवर निडरपणे लिहीत होती. ६ जूनला तिच्या 'चुलत बहिणीनं' लिहिलं की तिला बंदूकधाऱ्यांनी गाडीत कोंबून नेलंय. सह्यांच्या मोहिमा उभ्या राहिल्या, मीही सही केली. आठवड्याभरात उघड झालं की अमिना नावाची कुणी नाहीच. सगळं लिखाण एडिंबरोत शिकणाऱ्या एका अमेरिकन पुरुषाचं होतं. वापरलेला फोटोही लंडनमधल्या भलत्याच बाईचा होता.

सीरियातल्या खऱ्या कार्यकर्त्यांचा संताप मला पटला. त्यांच्यातले कितीतरी त्या वेळी खरोखर कोठडीत होते. आता प्रत्येकाला आधी विचारलं जाणार होतं, तू खरा कशावरून? आणि हा पुरावा खरं माणूस देऊ शकत नाही. नाव, घर, फोटो, भेटलेली माणसं, ज्या गोष्टींनी खरेपणा सिद्ध होतो त्याच गोष्टींनी जीव जातो. रिव्हरबेंडनं चार वर्षांत एकही पुरावा दिला नाही. तिच्या खरेपणाबद्दल शंका घेणारे होतेच, २००३ पासून होते. तिनं इंग्रजीचा खुलासा केला, बाकी गोष्टींवर ती बधली नाही.

तेव्हा काही लोकांनी तिलाही अमिनाच्या रांगेत बसवलं. मला त्यांच्याशी वाद घालायचा मोह झाला. पण वाद घालायचा तर तिच्या लेखांतल्या खुणा पुढे कराव्या लागल्या असत्या: या दिवशी या पुलाचा उल्लेख आहे, या भागात त्या दिवशी खरंच वीज नव्हती. म्हणजे जाळलेला नकाशा पुन्हा मांडायचा. मी गप्प राहिले. माझ्या मते तेच तिच्या हिताचं होतं, जरी त्या वेळी पळपुटेपणासारखं वाटलं तरी.

नऊ एप्रिल

९ एप्रिल २०१३. दहा वर्षांपूर्वी त्याच दिवशी बगदादच्या फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा खाली आला होता. त्या दिवशी, साडेपाच वर्षांच्या मौनानंतर, तिचा लेख आला.

सीरियातली मारामारी पेटण्याआधीच ती तिथून निघाली होती. शेजारच्या एका देशात जवळजवळ वर्षभर राहिली आणि मग तिसऱ्या एका अरब देशात गेली, आता तरी इथे टिकू या आशेनं. स्वतःला ती नशीबवान म्हणत होती. लेखाचा मोठा भाग दहा वर्षांत इराकचं काय झालं यावर होता, स्वतःविषयी अगदी थोडं. २०११ पासून सीरियाच्या प्रत्येक बातमीबरोबर मी जिला मनात मरू दिलं होतं, ती त्यातल्या बहुतेक काळात तिथे नव्हतीच.

मी लगेच चिपळूणला फोन लावला.

"आई, लिहिलं तिनं."

"कुणी?"

"बगदादच्या मुलीनं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरी आहे?"

"बरी आहे. तिसऱ्या देशात आहे आता."

"कुठल्या?"

"ते नाही लिहिलं."

"बरं केलं," आई म्हणाली. मग आमच्या परसातल्या आंब्याचं सांगत बसली. मोहर उशिरा आला, त्यातून वाऱ्यानं बराच झडला, पण राहिलेली फळं चांगली धरलीत.

त्या रात्री मी तिच्या जुन्या पत्त्यावर मेल लिहिली. आंब्याचं लिहिलं, मोहराचं लिहिलं. माझी मुलगी आता पहिलीत गेलीय आणि आमची एक खुर्ची तिनं मोडलीय, तेही लिहिलं. उत्तराची गरज नाही, असं खाली लिहून पाठवून दिली.